अक्का, डबी अजून चालू आहे

अक्का,

भेटायला येणारी माणसं आता कमी झालीत. सुरुवातीला बावड्यातली अर्धी गल्ली आपल्या सोप्यात बसून असायची. कागलहून काका-काकू आले, निपाणीचे पाहुणे आले, तुझ्या क्लासातल्या जुन्या मुली कडेवर पोरं घेऊन आल्या. आलेला प्रत्येक जण तुझ्या खोलीच्या दारात क्षणभर थांबतो, खिडकीतल्या त्या पांढऱ्या डबीचा हिरवा दिवा लुकलुकताना बघतो आणि बाहेर येऊन मला हळू आवाजात विचारतो, "त्ये काय चालू ठिवलंयसा?" काकूंना वाटलं, तू गेल्यावर आम्ही लावलेला तो विजेवरचा दिवा आहे. त्यांनी त्याला हात जोडले, डोळे पुसले. तू असतीस तर हसून हसून तुला ठसका लागला असता.

मला त्यांना नीट सांगता येत नाही. डबीबद्दल सांगायचं तर आपल्या भांडणाबद्दल सांगावं लागतं, आणि ते भांडण मिटलेलं नाही. तू मधेच उठून गेलीस. म्हणून आता तुलाच सांगतो.

राजारामपुरीतला तो जिन्याखालचा गाळा आठवतो? तुला आठवत असणारच, तुझाच होता. तू डिप्लोमा करून आलीस तेव्हा कागलचं कापडदुकान काकांच्या हवाली करून आप्पांनी तुला तिथं कॉम्प्युटरचा क्लास काढून दिला. पोरीला उजवायचं सोडून दुकानात बसवली म्हणून पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. आप्पा म्हणाले, तिला जे येतंय ते करू दे. आप्पा गेले आणि मी तुझ्या हाताखाली आलो. पुढं इंटरनेट आलं, क्लासाचं नेट कॅफे झालं. आत तू, काउंटरवर मी. प्लायवूडची खुराडी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, आणि बाहेर निकाल बघायला आलेल्या पोरांची रांग. ते आपले सगळ्यात बरे दिवस होते.

पण तुझी एक खोड होती. मशीन रिकामं दिसलं की तुला बघवायचं नाही. गिऱ्हाईक उठून गेलं की कॉम्प्युटर नुसताच घरघरत बसायचा आणि तू त्याच्याकडे काम सोडून गप्पा मारणाऱ्या गड्याकडे बघावं तशी बघायचीस. मग एक दिवस तू ते शोधून काढलंस. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं भल्या मोठ्या दुर्बिणीनं आकाशातले रेडिओचे आवाज टिपून ठेवले होते. त्या खरखरीत कुणी मुद्दाम पाठवलेलं काही आहे का, हे चाळायला त्यांची मशीनं पुरेनात. म्हणून ते त्या आवाजाचे तुकडे करून जगभर वाटायचे. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा असेल त्यानं एक तुकडा घ्यायचा, चाळायचा, उत्तर परत पाठवायचं, पुढचा घ्यायचा. मिळायचं काही नाही, नुसतं तुझं नाव त्यांच्या पानावर दिसायचं.

मी म्हटलं, "अक्का, तिथं कोण घावलं तर कोल्हापुरात काय व्हणार हाय?"

"काय व्हणार न्हाय."

"मग?"

"मग काय? मशीन बसून खातंय, त्यापेक्षा कायतरी करंल की."

रिकाम्या पडद्यांवर त्या चाळणीच्या आलेखाचे रंगीत डोंगर सरकायला लागले. गिऱ्हाइकांना ते आवडायचे. पोरं विचारायची, ही गेम कुठली? तू प्रत्येकाला सांगत बसायचीस, आणि मी काउंटरवरून ओरडायचो, अक्का, तीन नंबरचा टाइम संपला.

मग ती दुपार आली.

एक फौजदार आणि दोन हवालदार आत आले आणि त्यातल्या एकानं शटर अर्धं खाली ओढलं. गावातल्या एका बड्या माणसाला जिवे मारायच्या धमकीचा ईमेल गेला होता, आणि तो आपल्याकडून गेला असावा असा त्यांना संशय होता. गिऱ्हाइकं चपला शोधत उठली. कुणालाच बाहेर सोडलं नाही. फौजदार सावकाश एकेका खुराड्यात डोकावत फिरले. आवाज चढवला नाही, कुणाला हात लावला नाही.

"मॅडम, समद्यांवर एकच चित्र कसलं हो?"

तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "स्क्रीनसेव्हर हाय साहेब."

दोघा हवालदारांतला एक तरुण होता, त्याला कॉम्प्युटरमधलं कळत होतं. तो एका मशीनसमोर बसला, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि वळून म्हणाला, "साहेब, ह्ये बाहेरदेशात कायतरी धाडाय लागलंय. समदी मशीनं. एकाच जागंला."

मला काय सुचलं ते मी बोललो. "व्हायरस असंल साहेब. गिऱ्हाइकं कायबाय टाकत्यात. आमाला ठावं न्हाय." आणि काउंटरखाली तुझा पाय दाबला.

तू पाय काढून घेतलास. "व्हायरस न्हाय साहेब. मी लावलंय. माझ्या हातानं."

फौजदारांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोघांतलं खरं कोण बोलतंय?"

मी खाली बघत राहिलो. तू म्हणालीस, "मी."

ठाण्यात त्यांनी तुला आतल्या बाकावर बसवलं आणि मला बाहेर थांबवलं. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. येणारी-जाणारी माणसं आत बघत होती. ठाण्याच्या बाकावर बसलेली एक बिनलग्नाची बाई. दुसऱ्या दिवशी गावात काय बोलतील ते मला उभ्या उभ्या ऐकू यायला लागलं होतं. आणि आत तू त्यांना आकाश समजावून सांगत होतीस.

"म्हंजे वरचं ऐकताय?"

"व्हय."

"कोण बोलतंय वर?"

"अजून कोण न्हाय."

"मग ऐकताय काय?"

"कोण बोलतंय का, त्ये."

हवालदार खी खी हसला. फौजदार हसले नाहीत. त्यांनी पाणी मागवून तुझ्यापुढे ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा मॅडम, तुमच्या भावानं सांगितलं तसं लिवतो. व्हायरस. आमाला म्हाईत न्हवतं. तुमी सही करा, मशीनं चार दिसांत सोडतो. ह्ये आकाशाबिकाशाचं वर कुनाला सांगू मी?"

अक्का, मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. मनात म्हणत होतो, कर सही. एवढी एक सही कर. कुणाचं वाटोळं होणार नव्हतं त्या सहीनं. तो माणूस आपल्याला वाट काढून देत होता.

तू म्हणालीस, "मी तसली सही करणार न्हाय साहेब. उद्या त्यो ईमेल धाडणारा घावला न्हाय, तर तुमीच म्हणणार, ही बाई तवाबी खोटं बोलली हुती. मग माझं कोण ऐकणार?"

फौजदारांनी लिहायचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "तुमची मर्जी."

संध्याकाळी त्यांनी तुला सोडलं आणि सगळी मशीनं ठेवून घेतली. पांढऱ्या कापडात बांधून वर लाखेची सीलं मारली. हवालदार एकेक गाठोडं टेम्पोत टाकत होते आणि तू मागून सांगत होतीस, "उलटं ठिवू नका हो, आत डिस्क हाय." मला लाजेनं आणि रागानं रडू यायला लागलं होतं. तुला त्यांची काळजी, आणि मला पुढच्या महिन्याची.

ईमेल पाठवणारा नंतर सापडला. त्या बड्या माणसाचाच पुतण्या निघाला, आणि त्यानं तो आपल्या नव्हे तर स्टँडजवळच्या कॅफेतून पाठवला होता. पण कोर्टातून मशीनं सुटेपर्यंत अख्खा पावसाळा त्या गाठोड्यांवरून गेला. सुटून आली तेव्हा निम्म्यांच्या डिस्का मेल्या होत्या, एका डब्यात उंदरानं वायरी कुरतडून घरटं केलं होतं. तोवर गाळामालकानं कुलूप बदललं होतं. गिऱ्हाइकं तर त्या दुपारनंतरच गेली होती. पोलीस आलेल्या कॅफेत कोण आपलं पोरगं पाठवेल?

तू म्हणायचीस, मी खरं बोलले म्हणून त्यांनी परत कधी दार वाजवलं नाही. मी म्हणायचो, दारच राहिलं नाही तर वाजवणार काय? तू म्हणायचीस, सही केली असती तर जन्मभर भ्यायला लागलं असतं. मी म्हणायचो, चार दिवस भिऊन दुकान वाचलं असतं. पुढं पुढं आपण हेही बोलायचं सोडलं. मी डेअरीत नोकरी धरली. एका घरात राहून आपण आईच्या, अव्वाच्या तोंडून बोलत होतो. "अव्वा, तिला विचार, गॅस आणायचा काय." "अव्वा, त्याला सांग, सांगून झालंय." बिचारी अव्वा दोघांच्या मधे बसून भाकरी थापायची आणि कन्नडमध्ये देवाला काहीतरी पुटपुटायची.

माझं मत अजून तेच आहे, अक्का. तू गेलीस म्हणून मी ते बदलणार नाही. बदललं तर तूच म्हणशील, मेल्यावर पटायला लागलं व्हय रं?

मल्लूनं डबी आणली ती त्या अबोल्याच्या दिवसांत. आत्याचा मल्लू बेंगळुरूला कंपनीत. दिवाळीला येताना घेऊन आला. पुस्तकाएवढी, पांढरी प्लॅस्टिकची. खरं तर ती घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एक डिस्क जोडून द्यायची वस्तू. पण तिच्या पोटात एक पुरता कॉम्प्युटर होता, एआरएम जातीच्या चिपचा. मोबाइलमध्ये असते तीच जात, असं तू अव्वाला सांगत होतीस, म्हणजे मला ऐकू जाईल असं. पंखा नाही, घरघर नाही, आणि झोपायच्या खोलीतल्या झिरोच्या बल्बएवढीच वीज. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवरसुद्धा चालेल.

ते शेवटचं मला कळलं. तेव्हा लोडशेडिंगनं सगळ्यांना पिळून काढलं होतं. सकाळी जायची ती दुपारी यायची, तोंड दाखवून परत जायची. मोठी मशीनं चालवायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं. आणि तू खिडकीत ती डबी मांडलीस, खाली बॅटरी ठेवलीस, शेजारी पडद्यापुरता मल्लूचा जुना लॅपटॉप, आणि अव्वाला म्हणालीस, "आता कुणाच्या दुकानात न्हाय, कुणाच्या परवानगीनं न्हाय. माझं घर, माझी बॅटरी."

त्यावर मी ताटावरून उठून गेलो. मला वाटलं, हिला अजून पुरतं झालेलं नाही. एवढं झालं तरी परत तेच. घर पण घालवणार काय?

पण डबी म्हणजे काही कॅफेतलं मशीन नव्हतं. तिच्यासाठी प्रोग्राम कुणी करूनच ठेवला नव्हता. प्रोग्रामचा मूळ मजकूर नेटवरून उतरवून घेऊन तो त्या चिपला समजेल असा तुलाच बांधायचा होता. बांधता बांधता तिची जागा भरायची, सगळं अडायचं, तू पहिल्यापासून परत. मल्लूला फोनवर तू म्हणालेलं मी ऐकलं, औषधाचं संशोधन करणाऱ्यांचंही असंच काम असतं, तेही घेतलं असतं, पण त्यांचा प्रोग्राम या डबीत मावत न्हाय. ते मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला आकाशच हवं होतं.

अखेर ती चालली. एक तुकडा चाळायला तिला किती दिवस लागायचे! कॅफेतलं मशीन तेवढ्यात ढीगभर उपसायचं. प्रत्येक तुकड्याला मुदत असते, मुदतीत उत्तर गेलं नाही तर ते फुकट. बॅटरी उतरायच्या आत वीज येते की नाही याकडे तुझे कान लागलेले असायचे. साखर कारखान्याच्या मळीचा वास घरात भरलेला, उकाडा, आणि तू खिडकीशी पुठ्ठ्यानं डबीला वारा घालतेस, हे मी दारातून बघायचो आणि पुढं जायचो.

आणि एवढं करून उत्तर परत यायचं ते अमान्य होऊन. तोच तुकडा ते कुठल्यातरी दुसऱ्या माणसालाही देत. दोघांची उत्तरं जुळली तरच धरत. तुझं एकही जुळेना. पहिलं नाही, दुसरं नाही, पुढचंही नाही. मग त्यांच्या चर्चेच्या पानावर कुणीतरी लिहिलं, असली खेळणी लावून चुकीचा माल पाठवणाऱ्यांना बंद करा, आमचं काम नासवताहेत.

त्या दुपारी अव्वानं माझ्या हातात तुझा चहा दिला. "तूच दी. माझ्याच्यानं उठवत न्हाय," म्हणाली. खोटंच. मी आत आलो तर तू ते पान उघडं ठेवून बसली होतीस. तुझा चेहरा मी ठाण्यात असा बघितला नव्हता. तिथं तू ताठ होतीस. इथं तुझे खांदे पडले होते.

मी सरळ तुलाच विचारलं, "काय झालं?"

मधे अव्वा नव्हती, हे तुझ्याही ध्यानात आलं. तू म्हणालीस, "म्हणत्यात, मी नासवायला लागलोय."

"नासवायला लागलीयास काय?"

"तसंच दिसतंय, सिद्धू. गणित चुकतंय. कुठं त्येच घावना."

मी चहा ठेवला आणि तिथंच कॉटवर बसलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तू मला सगळं सांगितलंस, पहिल्यापासून. पूर्ण आकडे बरोबर येतात. अपूर्णांक आला की वेडंवाकडं. पुढचे काही दिवस डेअरीतून आलो की मी तिथं बसायचो आणि तू कुठवर आलीस ते सांगायचीस. त्याच पानावर दुसऱ्या एका माणसानं, कुठल्या देशाचा होता कोण जाणे, तुला दोन ओळी लिहिल्या होत्या: या चिपवर अपूर्णांक कसे ठेवले जातात ते एकदा तपासा. तुला बोल लावायचं सोडून त्यानं वाट दाखवली. तू ती धरलीस.

सापडलं त्या दिवशी तू मला असं सांगितलंस. मोठा अपूर्णांक ठेवताना त्याचे दोन तुकडे होतात. सगळी मशीनं ते ज्या क्रमानं ठेवतात, त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं ते या डबीत बसत होते. "म्हंजे बघ, फोन नंबर लिवताना गावाचा कोड म्होरं लिवतात, आनि हिनं त्यो शेवटाला लिवलाय. आकडे समदे हायत, पण फोन भलतीकडंच लागतोय." तू तो क्रम सरळ केलास. पुढचा तुकडा लावलास. त्याला लागायचे तेवढे दिवस लागले, आणि त्या दिवसांत आपण दोघंही डबीच्या दिव्याकडे बघत होतो.

मी डेअरीतून येऊन चपला काढत होतो तेव्हा आतून तुझी हाक आली. "बंतु, अव्वा, बंतु!" आलं, आलं. लहानपणी एसटी आली की ओरडायचीस तशी. अव्वा पिठाच्या हातांनी धावली, तिला वाटलं कोण पाहुणे आले. तू मला खांद्याला धरून पडद्यासमोर उभं केलंस. जगात कुठंतरी एका माणसाच्या भल्याथोरल्या कॉम्प्युटरनं काढलेलं उत्तर आणि आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरच्या डबीनं काढलेलं उत्तर तंतोतंत जुळलं होतं.

"जुळलं रं," तू म्हणालीस. एवढंच. मला बोलायचं होतं की तुझ्या त्या हट्टातला एक तरी भाग मला आज कळला. ते राहिलं.

त्याच्यानंतर आपण पुन्हा बोलायला लागलो, भांडायला लागलो. दुकानाचं भांडण परत सुरू झालं आणि घर घरासारखं वाटायला लागलं. त्याबद्दल मी तुझ्या त्या डबीचे आभार मानतो, पाहुण्यांसमोर नाही, तुझ्याजवळ.

धाप तुला आधीपासूनच लागत होती. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप आखडली होती, ते आता वाढत चाललं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तू म्हणालीस, उन्हाळा सरू दे. उन्हाळा सरला, म्हणालीस, पाऊस ओसरू दे. मी एक दिवस भडकलो.

"त्या डबीपायी थांबलीयास तू. तुकडे बुडतील म्हणून."

"डबीपायी न्हाय."

"मग कशापायी?"

तू खुर्ची पडद्याकडे वळवलीस. त्याचं उत्तर मी त्या दिवसापासून शोधतोय, अक्का. कधी कधी वाटतं, तू भ्यालेली होतीस. पोलीस ठाण्यात न भ्यालेली माझी बहीण टेबलावर झोपायला भीत होती, आणि ते सांगायला तिला जागा नव्हती. एकदा म्हणाली असतीस, सिद्धू, मला भ्या वाटतंय. मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण जवळ बसलो असतो. चहा घेऊन आलो तेव्हा बसलो होतो तसा.

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी तू मला खिडकीशी बोलावलंस. "हिकडं बघ. बॅटरी उतरली की ह्यो दिवा लाल व्हतो. तवा ही वायर काढायची, पण आधी..."

मी तुला मधेच तोडलं. "मला शिकवू नको. तूच येऊन कर."

"अरे बघून तर ठेव."

"न्हाय म्हटलं की. चार दिसांनी येणार हाईस ना? मग तूच कर."

तू हसलीस आणि वायर सोडून दिलीस. मला वाटत होतं, मी शिकलो नाही तर तुला यावंच लागेल.

ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तू गेलीच नाहीस. सकाळी तयारी चालू असतानाच छातीनं दगा दिला. डॉक्टर बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला, तेव्हा मला कळलं.

मातीला खूप माणसं होती. आपल्या लिंगायत रीतीनं तुला बसवून नेताना अव्वा रडली नाही, नुसती तुझ्या कपाळाची विभूती परत परत सारखी करत होती. आम्ही परत आलो, हातपाय धुतले, सोप्यात बसलो. वीज नव्हती. आणि तुझ्या खोलीत दिवा लाल झालेला मला दारातून दिसला.

मी उठून आत गेलो. लॅपटॉप उघडला तर पडद्यावर तुकड्याचं काम जवळजवळ संपत आलं होतं, आणि मुदत दुसऱ्या दिवशी सरत होती. खाली बॅटरी, वायरी, आणि कुठली आधी काढायची ते मला ठाऊक नाही. मी मल्लूला हाक मारली. तो बेंगळुरूहून थेट मातीला आला होता, अंगावर अजून प्रवासाचेच कपडे.

"डबी बंद पडू न देता बॅटरी कशी बदलायची?"

मल्लू माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, आत्ता?"

"आत्ता. दिवा बघ."

शेजारच्या पाटलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मी काढून आणली. सोप्यातनं खांद्यावर घेऊन जाताना काका म्हणाले, "अरं, काय चाललंय? घरात काय, आनि तू कुठं लागलायस?" मी थांबलो नाही. मल्लूनं आधी नवी बॅटरी जुनीच्या जोडीला लावली, मग जुनी सोडवली. दिवा हिरवा झाला. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि तेव्हा मला रडू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. मल्लूनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुकडा पुरा झाला आणि उत्तर गेलं. मी पडद्यासमोर होतो. मला वाटलं, झालं. आता ही थांबेल आणि मी वायर काढीन. पण तिनं विचारलं नाही, थांबली नाही. तुझ्याच नावावर पुढचा तुकडा मागून घेतला आणि कामाला लागली. तू गेलीस हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मल्लूनं जाण्याआधी मला दाखवलं, नवं काम घेऊ नको असं तिला सांगायचं बटण कुठं आहे. आठवडाभर मी त्या बटणापर्यंत जाऊन परत येत होतो. मला कुणाचं तरी मत हवं होतं, आणि मत घ्यायचं तर तुझंच घ्यायची सवय. शेवटी काल दुपारी मी अव्वाला तुझ्या खोलीत बोलावलं. ती कॉटच्या कडेला बसली, पदरानं डबीवरची धूळ पुसली.

"अव्वा, ही बंद करू काय?"

तिनं दिव्याकडे बोट केलं. "ह्ये त्ये वरचं ऐकायचं न्हवं? कोण बोलतंय का म्हणून?"

"व्हय."

"घावलं काय रं कोण?"

"न्हाय अव्वा. अजून कोण न्हाय."

अव्वा उठली. दाराशी जाऊन थांबली, पण मागं वळली नाही.

"मग ऐकू दे की अजून," म्हणाली, आणि चूल बघायला गेली.